अवतरणचिन्हांच्या आत : संवादलेखनाबद्दल वाचकांचे प्रश्न

कथालेखनाच्या या सदराकडे या वेळी संवादांबद्दल इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले संवाद मात्र वाचकांच्या कथांमधले नाहीत. ते आम्ही या सदरापुरते रचले आहेत.

प्रश्न : ‘सांगू नका, दाखवा’ असं सगळीकडे वाचल्यामुळे पात्रांची ओळख आणि मागची हकीकत मी निवेदनात न देता संवादांतून देतो. तरी स्पर्धेतून शेरा आला, ‘संवाद कृत्रिम’. चूक कुठे होतेय?

उत्तर : बहुधा अशा वाक्यात :

“दादा, तुला माहीतच आहे, बाबा सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे.”

दादाला हे माहीत आहे. त्याला ते माहीत आहे, हे बहिणीलाही माहीत आहे. मग हे वाक्य ती कोणाला सांगतेय? वाचकाला. दादाकडे पाठ फिरवून ती थेट पानाबाहेर बघत बोलतेय, आणि वाचकाला ते लगेच जाणवतं. निवेदनाला अवतरणचिन्हं लावली म्हणून त्याचा संवाद होत नाही.

हातात पेन्सिल घेऊन कथेची पहिली दोन-तीन पानं तपासा. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट जिथे जिथे सांगितली जातेय, तिथे खूण करा. ‘तुला माहीतच आहे’, ‘आठवतं ना तुला’, ‘आपण सख्खी भावंडं असूनही’ असले शब्द दिसले की खूण ठरलेलीच. मग प्रत्येक खुणेचं काहीतरी करा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती माहिती निवेदनाकडे परत देणं : ‘बाबा निवृत्त झाल्यापासून दादा त्यांच्याशी बोलला नव्हता.’ एक वाक्य, काम संपलं. निवेदनात सांगणं हा गुन्हा नाही. लोकांनी त्या ‘दाखवा’चा फारच धसका घेतला आहे.

दुसरा उपाय जास्त मेहनतीचा, पण फळ देणारा. माहितीवर पात्रांना झगडू द्या :

“बाबांनी विचारलंय, येणार आहेस का.”
“त्यांनी विचारलंय?”
“मी विचारतेय.”
“सहा वर्षांत एकदा तरी त्यांनी—”
“पाच. आणि फोन तू उचलत नाहीस.”

अबोला किती वर्षांचा, मध्यस्थी कोण करतंय, दोष कोणाचा समजला जातो, हे सगळं आलं. यातला एकही शब्द वाचकाला उद्देशून नाही. भांडणात माणसं आकडे चुकवतात आणि समोरचा ते दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीच्या आडोशाने हवी तेवढी माहिती आत येते.

उरलेल्या खुणांपैकी बऱ्याच सरळ खोडून टाका. वाचकाला पहिल्या पानावर काय काय कळलंच पाहिजे, याचा लेखकाचा अंदाज जवळजवळ नेहमी जास्तीचा असतो. आणि ‘नवखा पाहुणा प्रश्न विचारतो, घरचे उत्तरं देतात’ ही जुनी युक्ती वापरायचीच असेल, तर त्या पाहुण्यालाही स्वतःचं काहीतरी हवं असू द्या. नाहीतर तो मुलाखतकार होतो.

प्रश्न : माझी सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतात, असं मैत्रीण म्हणते. प्रत्येकाला एकेक पालुपद दिलं, तर ते विनोदी वाटायला लागलं. वेगळेपणा कसा आणायचा?

उत्तर : पालुपद हा वेगळेपणाचा बिल्ला आहे. दोनदा चालतो, तिसऱ्यांदा खुपतो. खरा फरक पात्र काय म्हणतं यापेक्षा कसं वागवतं यात असतो. एकच साधा प्रश्न घ्या : “उद्या लवकर येशील का?” आणि नाही म्हणायचं आहे असं समजा.

“नाही.”
“उद्या? उद्या वार कोणता?”
“बघतो.”
“तुम्ही म्हणत असाल तर येतो, माझं काय.”
“कालही मीच आलो होतो.”

पाच उत्तरं, पाच माणसं. एकालाही पालुपद लागलं नाही. तुमच्या प्रत्येक प्रमुख पात्रासाठी असे तीन प्रसंग कागदावर सोडवा : ते नकार कसं देतं, मदत कशी मागतं, चूक उघडी पडली की काय बोलतं. प्रत्येकी पाच-सहा ओळी पुरतात. त्या कथेत वापरू नका. कानात बसण्यासाठी आहेत त्या.

मग मराठीनेच हाताशी दिलेली हत्यारं बघा. सर्वांत धारदार म्हणजे संबोधन. कोण कोणाला ‘तू’ म्हणतं, कोण ‘तुम्ही’, कोण जपून ‘आपण’, हे लिहायला बसण्याआधी ठरवून टाका, कारण कथेतला तणाव नेमका ते मोडण्यात असतो. आयुष्यभर बायकोला ‘तू’ म्हणणारा नवरा एका संध्याकाळी “तुम्हीच ठरवा आता” म्हणाला, की आवाज न चढवता भांडण सुरू झालेलं असतं. पण आधीच्या पानांवर तुमचा हात चुकून ‘तू’-‘तुम्ही’मध्ये घसरला असेल, तर हा बदल वाचकाला मुद्रणदोष वाटेल.

दुसरं हत्यार शेपटीच्या शब्दांचं. “ये.” “ये ना.” “ये की.” “ये बरं.” “येशीलच.” अर्थ एकच, पण पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात आर्जव, तिसऱ्यात ‘आडवलंय कोणी’ असा सूर, चौथ्यात मोठेपणाचा हात आणि पाचव्यात गृहीत धरणं. एका पात्राला ‘ना’ सुटत नाही, दुसरं कधीच वापरत नाही, एवढाही फरक पुरतो. तो वाचकाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

तपासणी अशी करा : एका प्रसंगातले संवाद ‘म्हणाला-म्हणाली’ काढून वेगळे उतरवा आणि दोन दिवसांनी वाचा. कोण बोलतंय ते दहापैकी सात-आठ वाक्यांत ओळखू आलं, तर ठीक. दहापैकी दहा ओळखू आली, तर बहुधा तुम्ही अतिरेक केला आहे.

प्रश्न : ‘म्हणाला’ किती वेळा चालतं? एका पानावर अकरा वेळा आलंय. उद्गारला, वदला, उत्तरला असे पर्याय वापरू का?

उत्तर : ‘वदला’ नको. ‘उद्गारला’सुद्धा शक्यतो नको. ‘म्हणाला’ हा शब्द वाचकाची नजर विरामचिन्हासारखा ओलांडून जाते. पर्यायी शब्दावर ती अडखळते. ‘पुटपुटली’, ‘ओरडला’, ‘खेकसला’ हे शब्द आवाजाची अशी माहिती देतात, जी वाक्यातून कळत नाही. तेवढ्यापुरतेच ते ठेवा. “चालता हो!” तो संतापून ओरडला, यात ‘संतापून’ही फुकट आणि ‘ओरडला’ही.

अकराचे चार करायला मराठी व्याकरण मदत करतं. “मी जाते” म्हटलं की बोलणारी स्त्री आहे हे कळलं, “तू आलास?” म्हटलं की ऐकणारा पुरुष. एक स्त्री आणि एक पुरुष बोलत असतील, तर अर्धी ओळख क्रियापदंच करून देतात. मात्र सगळी नाही : “मी सांगितलं”, “मी येईन”, “तुम्ही आलात” यांतून लिंग कळत नाही. त्यामुळे ‘म्हणाली’ खोडण्यापूर्वी त्या ओळीतलं क्रियापद कोणतं, ते बघा. दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष असतील, तर ओळख न देता चार-पाच ओळींपेक्षा पुढे जाऊ नका. वाचक बोटाने मागे मोजत गेला, की प्रसंग हातचा गेला.

जागाही महत्त्वाची. ‘ती म्हणाली,’ असं आधी आलं की घोषणा झाल्यासारखं वाटतं. शेवटी आलं की वाक्याचा शेवटचा, सहसा सर्वांत वजनदार शब्द झाकला जातो. म्हणून ठसवायच्या वाक्यात ते मधे घाला :

“मी येणार नाही,” ती म्हणाली, “आणि तुम्हीही जाऊ नका.”

तिने घेतलेला श्वास त्या ‘ती म्हणाली’ने दाखवला. ‘ती क्षणभर थांबली’ असं लिहावं लागलं नाही.

‘म्हणाला’ऐवजी हालचाल देण्याची पद्धत चांगली आहे, पण तिचीही सवय लागते. उसासे टाकणं, शून्यात बघणं, ओठ चावणं, केसांतून हात फिरवणं : छापील कथांतली निम्मी पात्रं दिवसभर हेच करत असतात. एका पानावर अशा तीनहून जास्त हालचाली सापडल्या, तर पात्रांना एखादं खरं काम द्या. दोरी सोडवणं, हिशेब तपासणं, पंक्चर काढणं. काम असलं की हालचाली शोधाव्या लागत नाहीत, आणि काम चुकलं की मन कुठे आहे तेही कळतं. आणखी एक : “ये,” तो हसला, असं लिहू नका. हसून शब्द बाहेर पडत नाही. “ये.” तो हसला. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम, एवढाच फरक.

प्रश्न : मी खऱ्या गप्पा ध्वनिमुद्रित करून उतरवल्या. कथेत घातल्यावर त्या कंटाळवाण्या झाल्या. खरं ते जिवंत का वाटत नाही?

उत्तर : कारण खऱ्या बोलण्यात शब्द हे निम्मं सामान असतं. उरलेलं आवाजात, चेहऱ्यात आणि दोघांच्या सामायिक आठवणींत असतं. उतरवताना ते गळून जातं; ‘हं’, ‘म्हणजे’, ‘ते हे’ आणि तीनदा सांगितलेली एकच गोष्ट, एवढं कागदावर उरतं.

तरी मुद्रण वाया गेलेलं नाही (ज्यांचं केलंत त्यांची परवानगी घेतली असेल, तर). त्यातली दोनच मिनिटं निवडा. नमस्कार-चमत्कार, पुनरुक्ती, होकार काढून टाका. काय ठेवायचं? अर्धवट सोडलेली वाक्यं. उत्तर न मिळालेले प्रश्न. एकाने एक विचारलं आणि दुसऱ्याने भलत्यालाच उत्तर दिलं, त्या जागा. तीस ओळींच्या आठ झाल्या पाहिजेत.

भाषेच्या अभ्यासकांनी संभाषणाची जी चिरफाड केली आहे, तीही लेखकाच्या कामाची आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी 1974 साली, बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याचे नियम मांडले. पुढे 2009 साली दहा भाषांच्या तुलनेत दिसलं, की प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतं. म्हणजे माणसं जवळजवळ एकमेकांच्या शेपटीवर पाय ठेवून बोलतात. नकार किंवा अडचणीचं उत्तर मात्र रेंगाळत येतं, आणि आधी ‘अं’, ‘तसं नाही, पण’ असं काहीतरी पुढे पाठवतं. त्यामुळे ‘तो क्षणभर थांबला’ हे वाक्य चमच्या-चमच्याने वापरण्याचं आहे. वाचक त्याचा अर्थ ‘उत्तर अवघड आहे’ असाच घेणार. दर चार ओळींनी कोणीतरी थांबायला लागलं, की त्या थांबण्याला किंमत राहत नाही.

दुसरा उपयोगी माणूस म्हणजे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातला मुद्दा थोडक्यात असा : समोरचा संभाषणाला धरूनच बोलतोय, असं ऐकणारा गृहीत धरतो, म्हणून उत्तर विषय सोडून आलं, तर तो त्यातही अर्थ शोधतो.

“माझं पत्र वाचलंस?”
“खिडकी लाव, वारा येतोय.”

वाचलंय, आणि त्याबद्दल बोलायचं नाहीये. हे वाचकाने स्वतः काढलं, म्हणून ते त्याला पटलं. पण एक अट आहे : प्रश्न स्वच्छ हवा. प्रश्नही धूसर आणि उत्तरही धूसर असेल, तर वाचक अर्थ शोधत नाही, पान उलटतो.

प्रश्न : भांडणाचा प्रसंग लिहिते तेव्हा पात्रं मनातलं सगळं बोलून टाकतात आणि प्रसंग नाटकी होतो. न बोलता बोलल्यासारखं कसं लिहायचं?

उत्तर : आधी एक दिलासा : पहिल्या खर्ड्यात त्यांना सगळं बोलू द्या. तो खर्डा लागतोच.

“तू कायम आईची लाडकी होतीस. मला या घरात परकं वाटायचं.”
“आणि मला तुझा हेवा वाटायचा, कारण तू निघून जाऊ शकलास. मी अडकले.”

हे खरं आहे, पण इतकी नेटकी कबुली माणूस सहसा वर्षानुवर्षांनी, तीही तिसऱ्याच माणसाजवळ देतो. आता दोन चिठ्ठ्या घ्या, प्रत्येक पात्राची एक. प्रत्येकीवर दोन ओळी : आत्ता, या क्षणी समोरच्याकडून काय हवंय, आणि कोणती गोष्ट तोंडातून निघता कामा नये. भावाच्या चिठ्ठीवर : ‘तिने राहा म्हणावं’, ‘मला परकं वाटतं’. बहिणीच्या : ‘त्याने माझे कष्ट मान्य करावेत’, ‘मला हेवा वाटतो’. मग खर्ड्यातून दुसऱ्या ओळीतलं सगळं खोडायचं, आणि दोघांना एक वस्तू द्यायची. समजा, जुनं घर रिकामं करताना दोघं एक जड कपाट जिन्यावरून उतरवतायत :

“खालून कोण धरतंय?”
“मीच. दुसरं आहे कोण?”
“माणसं मिळाली असती.”
“मिळाली असती. येतोयस ते परवा कळलं असतं, तर.”
“आरसा काढून घेऊ का आधी?”
“तो आईनं मला दिलाय.”
“मी कुठं म्हटलं नाही दिला?”
“काढ मग. हळू.”

बोलणं कपाटाचं आहे. जिन्यावरून उतरवताना खालच्या माणसावर जास्त भार येतो, आणि खाली ती आहे; हे वेगळं सांगावं लागलं नाही. ‘लाडकी’ हा शब्द गेला, त्याच्या जागी आरसा आला.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे कोडं होणं. या आठ ओळी चालतात, कारण घर रिकामं होतंय आणि भाऊ लांब राहतो, हे वाचकाला आधी ठाऊक आहे. डाव काय लागलाय ते माहीत नसेल, तर कपाट म्हणजे नुसतं कपाट. दुसरं म्हणजे संपूर्ण कथाच अशी आडून चालणं. काही पानांनंतर ते कौशल्य न वाटता भित्रेपणा वाटतो. कुठेतरी कोणीतरी सरळ बोललं पाहिजे. एकच वाक्य, आखूड, आणि बोलणाऱ्याला महाग पडणारं. ते कुठे यावं? चिठ्ठीवरची पहिली ओळ, म्हणजे हवं ते मिळण्याची आशा सुटते, तिथे.

प्रश्न : निवेदन प्रमाण भाषेत, संवाद बोलीत, हे बरोबर ना? बोली किती वापरायची? आणि ‘असे’ लिहायचं की ‘असं’?

उत्तर : शेवटचं आधी. संवादात ‘असं, केलं, म्हटलं’च. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही बोलण्यातली ही रूपं शीर्षबिंदू देऊन लिहायला मोकळीक दिली आहे. निवेदनात ‘असे, केले’ ठेवायचं की तिथेही ‘असं, केलं’, ही तुमची निवड. पण एकदा ठरवलं की कथाभर तेच. मिसळ सर्वांत वाईट दिसते. फक्त टिंब दिल्यानेही भागत नाही. “मी तेथे गेलो, परंतु त्यांची भेट होऊ शकली नाही” यातल्या ‘तेथे’चं ‘तिथं’ केलं, तरी ‘परंतु’ आणि ‘होऊ शकली नाही’ तसेच ताठ उभे राहतात. “गेलो होतो, पण भेटले नाहीत.” ‘निर्णय घेतला’चं ‘ठरवलं’, ‘प्रतीक्षा करतो आहे’चं ‘वाट बघतोय’ झालं पाहिजे. ‘कार्यवाही करण्यात येईल’ हे कर्मणी वळण मात्र एखाद्या अधिकाऱ्यासाठी जपून ठेवा. तो ते घरीही बोलत असेल, तर पात्र अर्धं तयार झालं.

बोलीचा सगळ्यात मोठा घोटाळा प्रत्येक शब्दाचं शुद्धलेखन वाकवण्यात होतो. वाचकाला अक्षरं लावत बसावं लागतं. त्याऐवजी एका कागदावर तीन-चार खुणा ठरवा : ‘ण’च्या जागी ‘न’, क्रियापदांचे दोन शेवट, आणि प्रमाण भाषेत नसलेले पाच-सहा शब्द. कथाभर तेवढ्याच, आणि प्रत्येक वेळी. एका ओळीत ‘पानी’ आणि पुढच्या ओळीत ‘पाणी’ आलं, की लेखक पकडला जातो. उच्चारापेक्षा वाक्याची चाल जास्त काम करते : कोणता शब्द आधी येतो, प्रश्न कसा विचारला जातो, क्रियापद कुठे गाळलं जातं. बोली तुमची नसेल, तर ती बोलणाऱ्या दोघांना मजकूर मोठ्याने वाचायला द्या. ते जिथे न सांगता शब्द बदलून वाचतील, तिथे तुमचं चुकलंय.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘बरोबर ना?’बद्दल. बोली फक्त गरीब, अडाणी किंवा विनोदी पात्राच्याच तोंडी येत असेल, तर तो लेखकाचा दृष्टिकोन उघडा पडणं आहे. शिकलेली माणसंही कुठली ना कुठली बोलीच बोलतात. रंगत तर अदलाबदलीत आहे. कचेरीत छापील मराठी बोलणारा माणूस आईचा फोन आला की एका श्वासात बदलतो. तो क्षण लिहा. इंग्रजी शब्दांचंही तसंच. ते बोलण्यात येतात तसे, मराठी प्रत्ययांसकट येऊ द्या : “फायलीत बघ”, “मेसेज टाकलाय”. ‘धारिका’ पात्राला चिकटणार नाही.

प्रश्न : कथेत संवाद किती टक्के असावेत?

उत्तर : टक्केवारी नाही. पण कोणता संवाद पूर्ण द्यायचा आणि कोणता गुंडाळायचा, हे ठरवता येतं. बोलण्याआधी एक आणि बोलण्यानंतर दुसरं, असा काही बदल झाला का? होकाराचा नकार, विश्वासाचा संशय? झाला असेल, तर शब्दशः द्या. फक्त निरोप पोचला असेल, तर मराठीतली एक देखणी सोय वापरा : ‘उद्या येतो म्हणाला.’ चार ओळींचं बोलणं तीन शब्दांत, आणि त्याचा सूरही राहिला. ‘तो म्हणाला, की मी उद्या येईन’ या रचनेत मात्र जपा. अवतरणचिन्हं नसली की ‘मी’ म्हणजे तो की निवेदक, हा गोंधळ होतो. प्रथमपुरुषी कथेत तर हमखास.

प्रसंग सुरू करतानाही उशिरा शिरा. “हॅलो”, “बस ना”, “कसा आहेस” या ओळी लिहा आणि खोडा. बहुतेक संवादांची पहिली खरी ओळ चौथी असते.

प्रश्न : पाच जण एकत्र बोलतायत. वाचकाचा गोंधळ होतो. काय करू?

उत्तर : पाचही जणांना सारखं बोलू देऊ नका. प्रसंग दोघांचाच असतो. बाकीचे साक्षीदार, अडथळे किंवा काडी टाकणारे. दोघांचं बोलणं चालू ठेवा, तिसऱ्याला मधेच तोडू द्या, चौथ्याला एकच ओळ द्या, पाचवा गप्प का आहे ते एकदा दाखवा. नावं पहिल्या अक्षराने वेगळी असू द्यात. सुनील, सुधीर आणि सुहास एका खोलीत नकोत. मराठीत नाव घेऊन हाक मारणं अस्वाभाविक वाटत नाही, पण दर ओळीत “अरे सुधीर” आलं की वाटतं.

प्रश्न : विरामचिन्हांचे नियम थोडक्यात सांगाल?

उत्तर : बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. बोलण्याला दुहेरी अवतरणचिन्ह, त्याच्या आत कोणाचे शब्द आले तर एकेरी. एकाच माणसाचं बोलणं दोन-तीन परिच्छेद चाललं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला चिन्ह उघडा, बंद मात्र अगदी शेवटी एकदाच करा. दुसऱ्याने तोडलं तर आडवी रेघ, स्वतःच विरलं तर तीन टिंबं. ही दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नका, अर्थ बदलतो. टिंबं तीनच, सात नव्हेत. उद्गारचिन्ह एका वेळी एक. मनातल्या विचारांना बोलण्याचंच चिन्ह दिलंत, तर पात्र मोठ्याने बोललं असं वाटेल. विचार साधे, चिन्हाविना लिहा.

प्रश्न : लहान मुलाचं बोबडं बोलणं लिहावं का?

उत्तर : एखाद्या शब्दापुरतं. “मला नतो” एकदा गोड, पानभर असह्य. मुलांचं खरं वेगळेपण तर्कात असतं; ती शब्द बरोबर आणि निष्कर्ष भलताच काढतात.

प्रश्न : फोनवरच्या बोलण्याची एकच बाजू द्यावी की दोन्ही?

उत्तर : प्रसंग ज्याच्या नजरेतून दिसतोय, तो फोनवर असेल तर दोन्ही, तो खोलीत बसून ऐकत असेल तर एकच. एक बाजू लिहिताना “काय म्हणतोस, गाडी चुकली?” असं पलीकडचं वाक्य पुन्हा बोलून दाखवणं टाळा, आपली तीच ‘तुला माहीतच आहे’वाली चूक. आधी दोन्ही बाजू पूर्ण लिहा, मग पलीकडची काढून टाका. उरलेल्यातून बातमी कळली नाही तरी चालेल, ती चांगली की वाईट एवढं कळलं पाहिजे :

“बोल.”
“कधी?”
“नाही, मी उभाच आहे. सांग.”